कॅमेऱ्यात हात लाल दिसला म्हणजे दुखणं गेलं का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. दीड वर्षापूर्वी आई बाथरूममध्ये घसरली, उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं पण हात काही सुधारला नाही, सुजतो, निळसर पडतो, बर्फासारखा गार लागतो आणि तरी ती म्हणते आतून आग होतेय, साडीचा पदर लागला तरी कळवळते. सीआरपीएस (इजा भरून आली तरी त्या हातापायात राहणारं तीव्र दुखणं) असं निदान झालंय. गोळ्या, फिजिओ, मानेतली इंजेक्शनं सगळं झालं, आता मणक्यात वायर टाकून करंट देणाऱ्या मशीनची आठवडाभर ट्रायल घेऊ म्हणतात. इंजेक्शनच्या वेळी थर्मल कॅमेऱ्याने फोटो काढलेले, त्यात हात निळ्याचा लाल झाला होता, पण आराम दोनच दिवस टिकला. मग मशीन चालतंय की नाही हे अशा फोटोवरून कळेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, पदर लागला तरी कळ येते हे वाचूनच आईंची अवस्था समजली. हे दुखणं मनाचं नाही हे घरात सगळ्यांना आधी सांगा, कारण अशा पेशंटला "प्लास्टर निघालं ना, मग आता काय" हे फार ऐकावं लागतं.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. मानेतलं इंजेक्शन म्हणजे बहुतेक स्टेलेट गँगलिऑन ब्लॉक. हाताच्या रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या सिंपथेटिक नसा त्याने काही तास बधिर होतात, वाहिन्या सैल पडतात, रक्त वाढतं, हात गरम होतो आणि कॅमेऱ्यात लाल दिसतो. म्हणजे त्या लाल रंगाने एवढंच सांगितलं की औषध बरोबर जागी पोचलं. कॅमेरा शरीरात कुठलेही किरण सोडत नाही, कातडीतून बाहेर पडणारी उष्णता फक्त वाचतो, त्यामुळे अपाय काही नाही, पण वेदना त्याला दिसत नाही हेही तितकंच खरं.

मशीनचं तंत्र वेगळं आहे. मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलं की मज्जारज्जूत वेदनेसाठी एक दार असतं आणि स्पर्शाच्या जाड नसा जाग्या केल्या की ते बंद होतं. त्यावरून १९६७ मध्ये अमेरिकेत नॉर्मन शीली या सर्जननी पहिल्यांदा माणसाच्या मणक्यात इलेक्ट्रोड बसवला. आता या करंटनेही काही जणांचा हात गरम होतो, म्हणून डॉक्टरांना फोटोचा मोह होतो आणि तो चुकीचा नाही. पण नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या डॉक्टरांनी सीआरपीएसच्या ५४ पेशंटवर अभ्यास केला, त्यातल्या ३६ जणांना मशीन द्यायचं ठरलं, ट्रायल २४ जणांचीच यशस्वी झाली, आणि त्याच डॉक्टरांनी कातडीतला रक्तप्रवाह मोजला तेव्हा दिसलं की दुखणं कमी व्हायला रक्तप्रवाह वाढावाच लागतो असं नाही! म्हणून ट्रायलमध्ये आईंना आराम वाटला आणि फोटो निळाच राहिला तर मशीन नापास म्हणू नका, आणि फोटो लालभडक आला पण आई रात्रभर जाग्याच असतील तर कायमचं मशीन बसवायची घाई करू नका.

तरी फोटो काढायचाच असेल तर नीट काढायला सांगा, माझा खरा आग्रह इथे आहे. दोन्ही हात एकाच फ्रेममध्ये हवेत, कारण महत्त्वाचा असतो तो दोन हातांतला फरक. सीआरपीएस ओळखायच्या निकषांतही (त्यांना बुडापेस्ट निकष म्हणतात) डाव्या-उजव्यात १ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक हे एक लक्षण धरलंय. खोलीचं तापमान दर वेळी तेच, पंखा-एसीचा झोत हातावर नको, बांगड्या काढून, बाह्या वर करून पंधरा-वीस मिनिटं नुसतं बसायचं, त्याआधी गरम चहा नाही, तंबाखू-मिश्री नाही, तेल-बाम चोळणं नाही, त्या दिवशीची फिजिओ फोटोनंतर. आणि रंगावर अजिबात जाऊ नका, रंग सॉफ्टवेअर देतं, स्केल २० ते ४० ठेवलं की तोच हात वेगळा दिसतो आणि २८ ते ३४ ठेवलं की वेगळा, म्हणून रिपोर्टवर अंशातले आकडे लिहून मागा. मोबाईलला लावायचे स्वस्त कॅमेरे येतात त्यांच्यात दोन-तीन अंश इकडेतिकडे होऊ शकतात, त्यामुळे घरी काढलेल्या एकेका आकड्यावर घाबरू नका.

ट्रायलचा निकाल आईंच्या वहीतून लागतो. दुखणं शून्य ते दहा किती, झोप किती तास, पदर सहन झाला का, चहाचा कप उचलता आला का, वेणी घालता आली का, हे ट्रायलच्या आधी आठवडाभर आणि ट्रायलमध्ये रोज लिहा. साधारण निम्म्याने दुखणं उतरलं तर पुढे जातात. हेही आधीच सांगतो की मास्ट्रिख्टच्या पेशंटमध्ये दोन वर्षांनी दिसणारा फायदा पाच वर्षांनी बराच ओसरला होता, तेव्हा मशीन बसलं तरी हाताचा व्यायाम सोडायचा नाही.

आणि ताई, वायर टाकायच्या आधीचा फोटो काढलाय का हे उद्याच विचारा, तो राहिला तर नंतरचे फोटो कशाशी ताडून बघणार?