कव्हराची पालथी बाजू

पत्र : आम्ही आर्वी तालुक्यातले. सहा एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. मुलगा यंदा बारावी सायन्स झाला, 58 टक्के. पुस्तकात त्याचं मन नाही. माझ्या साळ्याच्या जुन्या गाडीच्या बॉनेटखाली त्यानं अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं कव्हर करून बसवलं, आरशासारखं चमकते. आता म्हणते, मले दोन लाख द्या, बेंडिंग मशीन घेतो, रोडवर गाळा घेतो, गाड्यायचे कव्हरं बनवतो. घरचे म्हणतात, पोलीस भरतीची तयारी कर. पोट्टं दिवसभर पत्रा घासत बसते. याले करिअर म्हणावं का?

नमस्कार भाऊ,

पत्र मिळाल्यावर मी तुमच्याकडून फोटो मागवले होते आणि कव्हर उलटं ठेवून पालथ्या बाजूचेही काढा म्हटलं होतं. तुम्हाला ते विचित्र वाटलं असेल. पण वरून चमक आणायला चिकाटी पुरते, कारागीर ओळखायचा तो मागच्या बाजूनं. माझे वडील जिनिंगमध्ये पत्र्याचं काम करायचे. कोणाचंही काम हातात घेतलं की आधी ते पालथं करायचे आणि कडेवरून अंगठा फिरवायचे. तीच सवय मला लागली.

तुमच्या मुलाच्या कव्हराच्या मागे मला दोन गोष्टी दिसल्या. पहिली, बोल्टची दोन भोकं लांबट झालीत. म्हणजे भोकं आधी पाडली, बसवताना जुळली नाहीत, मग कानशीनं ओढून जुळवली. दुसरी गोष्ट पाहून मात्र मी फोटो मोठा करून परत पाहिला. जिथून वायरींचा जुडगा जातो, तिथल्या कडेला त्यानं सायकलची जुनी ट्यूब चिरून चढवली आहे. चालत्या गाडीत पत्रा थरथरतो, कड वायरीवर घासत राहते आणि कधीतरी आवरण कापून शॉर्ट होतो. हे त्याला कोणी शिकवलं होतं का, ते त्याला विचारा. नसेल शिकवलं, तर तो फक्त चमक पाहत नाही, काम पुढे कसं वागेल याचाही विचार करतो. मला हे 58 टक्क्यांपेक्षा जास्त सांगून गेलं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं : हो, हे करिअर आहे. पण त्याचं नाव ‘इंजिनचं कव्हर’ असं ठेवू नका. त्याचं नाव पत्र्याचं काम, शीट मेटल. तालुक्याच्या गावात हौसेनं बॉनेटखाली कव्हर करून घेणारे वर्षाला किती भेटतील, तुम्हीच बोटांवर मोजा. नागपूर-पुण्यात थोडे जास्त असतील, तरी केवळ त्यावर गाळ्याचं भाडं निघणं अवघड. मात्र जो हात हे कव्हर नीट करतो, तोच हात जिनिंगचे डक्ट म्हणजे हवेचे पाइप आणि हॉपर म्हणजे माल ओतायची नरसाळी करतो, अकोल्याच्या दालमिलची आणि गोंदियाच्या राइसमिलची पत्र्याची कामं करतो, थ्रेशरच्या पट्ट्यावरचं गार्ड करतो, इलेक्ट्रिक पॅनलच्या पेट्या करतो, गाड्यांचं डेंटिंगही. आपल्या भागात ही कामं रोजची आहेत.

त्याला नेमकं काय शिकायचं राहिलंय, ते आता सांगतो. त्याचा मुख्य प्रश्न मापाचा आहे. पत्रा दुमडला की बेंडची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते. 1.6 मिलिमीटरच्या, म्हणजे साधारण 16 गेजच्या पत्र्याला प्रत्येक काटकोनी बेंडमागे दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो. सपाट पत्र्यावर आखताना तो वजा केला नाही, तर दोन बेंडनंतर भोकं चार ते सहा मिलिमीटरनं सरकतात. त्याची लांबट भोकं इथूनच आली असावीत. हे गणित बारावी सायन्सच्या पोराला एका दुपारी समजेल, फक्त समोर बसून समजावणारा माणूस हवा.

मग पत्र्याची जात. भंगारातून मिळालेला अ‍ॅल्युमिनियम कोणता, हे त्याला माहीत नसणार. 5052 हा ग्रेड सहज दुमडतो. 6061-टी6 कडक असतो, तो कमी गोलाईत वाकवला की बेंडवर तडा जातो. एखादा तुकडा दुमडताना मोडला असेल, तर चूक हाताचीच होती असं नाही.

आणि घासणं, ज्याचा तुम्हाला राग येतो. त्याला विचारा, कोणकोणते पॉलिश पेपर वापरले. 120, 220, 400, 800 असं चढत जावं लागतं. प्रत्येक नव्या पेपरानं आधीच्या रेघांना आडवं घासायचं आणि आधीच्या सगळ्या रेघा गेल्याशिवाय पुढचा पेपर हातात घ्यायचा नाही. मधला एक टप्पा गाळला की बफिंगनंतर, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर चमकवल्यावर, त्याच रेघा उन्हात उठून दिसतात. त्याच्या कव्हराच्या डाव्या कोपऱ्यात त्या दिसतात. भाऊ, तो दिवसभर पत्रा घासतो ते वाया जात नाही, पण एक टप्पा चुकला की एका दिवसाचं काम दोन दिवसांवर जातं.

एक गोष्ट आजच करा. फोटोत कव्हराची कड बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलच्या अगदी जवळ आहे. ते कव्हर काढून ठेवा, साळ्यांना फोन करा. धातू तिथे टेकला तर ठिणगी उडते, वायरिंग जळू शकतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणारा तापलेला भाग, त्यापासूनही पत्रा लांबच हवा, आणि रेडिएटरच्या पंख्याचा वारा अडता कामा नये.

आता रस्ता. पत्र्याचं काम थेट शिकवणारा शीट मेटल वर्कर हा आयटीआयचा एक वर्षाचा ट्रेड आहे, पण तो प्रत्येक तालुक्यात मिळेलच असं नाही. मी त्याला फिटर सुचवेन, दोन वर्षांचा. त्यात आखणी, कानस, ड्रिल, थ्रेडिंग, रिव्हेट, थोडं वेल्डिंग आणि पत्र्याचं कामही येतं. मोजायची शिस्त फिटरमध्ये अंगवळणी पडते, आणि त्याची उणीव नेमकी तीच आहे. बारावी सायन्सवर त्याला आजही पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात अर्ज करता येतो. दोन वर्षांच्या आयटीआयनंतरही ती वाट राहते, त्यामुळे आयटीआयला गेला म्हणून पुढचं शिक्षण बंद झालं असं होत नाही. त्यानंतर बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत एक वर्ष अप्रेंटिस म्हणून. 1961 च्या अप्रेंटिस कायद्यानुसार त्यात विद्यावेतन मिळतं. तिथे तो सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं बेंडिंग आणि पावडर कोटिंगची (भुकटीच्या रंगाची) भट्टी स्वतः पाहील, जिथे रंग साधारण 180 ते 200 अंशांवर पक्का केला जातो. असलं काम घरी जमत नाही, ते बाहेरून करून घ्यायचं असतं, हेही त्याला तिथेच कळेल.

दोन लाख आज देऊ नका. कपाशीच्या पैशावर तर नाहीच. त्याला अजून मापातलं काम जमलेलं नाही, आणि बेंडिंग मशीन चुकीचं माप फक्त लवकर दुमडून देते. त्याऐवजी एक चांगला गुण्या, स्टीलची पट्टी, सपाट आणि अर्धगोल कानस, पत्रा कात्री आणि डोळ्यांवर चष्मा एवढं घेऊन द्या. ग्राइंडरचं गार्ड कधीही काढायचं नाही. पत्रा उचलताना हातमोजे घालायचे, पण ड्रिल आणि बफ चालवताना काढून ठेवायचे, कारण मोजा गुंडाळला की हात सोबत जातो. जस्ताच्या पत्र्यावर वेल्डिंग करायचं असेल तर उघड्यावर करावं आणि जोडाच्या जागचं जस्त आधी घासून काढावं. त्या धुरानं त्याच रात्री ताप भरतो.

पोलीस भरतीची तयारी त्याला स्वतःला हवी असेल तर जरूर करू द्या, आयटीआयसोबत पहाटे धावता येतं. पण घरच्यांना शांत करायला म्हणून नको. दोन-तीन वर्षं अशीच जातात आणि शेवटी पोराकडे ना वर्दी असते ना हुनर. आमच्याकडे असे खूप येतात.

प्रवेशाची फेरी सुरू होईपर्यंत त्याला एक काम द्या. तेच कव्हर पुन्हा, नव्या तुकड्यातून. आधी पुठ्ठ्याचा नमुना करून बॉनेटखाली बसवून पाहायचा, मग बेंडचं माप वजा करून आखायचं. भोकं दुमडल्यानंतर पाडायची आणि त्यांच्या आतली बर, म्हणजे कडेला राहिलेली धारदार कोर, काढायची. बॅटरीपासून चार बोटं अंतर ठेवायचं. ट्यूबची ती पट्टी मात्र तशीच राहू दे. झालं की मला फोटो पाठवा, आणि पालथ्या बाजूचा आधी काढा.