दीर-जाऊ राहायला आले की बाहेरचा खर्च कुणी करायचा?

ताई, तुम्ही लिहिलंय की दीर-जाऊ दर मे महिन्यात मुलांना घेऊन मुंबईहून कोल्हापूरला येतात, आठवडाभर राहतात आणि पन्हाळा-जोतिबा-नरसोबाच्या वाडीच्या गाडीभाड्यापासून हॉटेलच्या बिलापर्यंत सगळं तुमच्या मालकांच्या खिशातून जातं. वर सासूबाई म्हणतात, "पाहुण्यांकडून पैसे घ्यायचे असतात का?"

पाहुण्यांकडून नाहीच घ्यायचे. पण सख्खा दीर पाहुणा कधीपासून झाला? सासूबाई तुमच्यात राहतात, म्हणजे तो आपल्या आईच्या घरी येतोय. सातबाऱ्यावर नाव लावताना घरचा आणि बिल आलं की पाहुणा, असं नाही चालत.

मी शिवाजी पेठेतली. उन्हाळ्यात आमचंही घर भरलेलं असतं. उंबऱ्याच्या आतला खर्च आमचा, तिथं मी हिशोब मांडत नाही. दूध, भाजी, गॅस, चार माणसं वाढली की चार भाकरी जास्त. रविवारच्या मटणाचं मात्र धाकटे दीर बघतात. सकाळी पिशवी घेऊन भावाबरोबर जातात, दुकानात रांगेला उभे राहतात, चापाचं किती आणि खिम्याचं किती ते तेच सांगतात आणि पैसेही तेच देतात. तांबडा-पांढरा करायचा माझ्याकडं आणि जावेकडं.

उंबऱ्याबाहेरचं वेगळं. पन्हाळा तसा जवळ, वीसेक किलोमीटर. जोतिबा त्याच अंगाला. वाडी एकदम दुसऱ्या टोकाला, शिरोळ तालुक्यात, ४५-५० किलोमीटर. म्हणजे सगळे मावतील अशी गाडी दोन दिवस सांगावी लागते. फिरायची हौस ज्याची, गाडी त्याची. त्या दिवसाचं जेवण दुसऱ्यानं द्यावं. देवाचं तर विचारूच नका. अंबाबाईची ओटी, जोतिबाचा गुलाल-खोबरं, वाडीचा अभिषेक ज्याचा त्यानं करायचा. दुसऱ्याच्या पैशानं देव करू नये, हे सासूबाईंनाही पटेल. मुंबईला न्यायची कवठाची बर्फी आणि चप्पल लाइनमधली खरेदीही ज्याची त्याची.

पूर्वी हॉटेलच्या गल्ल्यावर "तू थांब, मी देतो" म्हणून हाताला धरून ओढाओढी व्हायची. आता एकानं मोबाईल काढून स्कॅन केलं की संपलं. बिल यायच्या वेळेलाच हात धुवायला उठणारे आमच्याही नात्यात आहेत, नाव घेत नाही.

जाताना तुमच्या मुलांच्या हातावर पाचशेची नोट ठेवतात, ती यात धरू नका. तुम्हीही त्यांच्या मुलांच्या हातावर ठेवताच की. झाली फिटंफाट.

आता सांगायचं कुणी? तुम्ही जावेला अजिबात सांगू नका, त्याचं वर्षभर पुरेल एवढं होईल. भावानं भावाला सांगायचं, तेही ते मुंबईहून निघायच्या आधी: "या खेपेला गाडीचं तू बघ, जेवणाचं मी बघतो." एवढंच. सगळे गेल्यावर हिशोबाचा मेसेज पाठवणं भांडणापेक्षा वाईट दिसतं.

एवढं सांगूनही दिरांना ऐकू आलं नाही, तर गाडी सांगू नका. पन्हाळा काय पळून जात नाही. संध्याकाळी सगळ्यांना रंकाळ्यावर न्या, पोटभर भेळ खायला घाला. भेळेचे पैसे मात्र तुम्हीच द्या.