हिमाद्रीला निघण्याआधी

अनेक आशीर्वाद.

वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राकडून आर्क्टिकमधल्या आपल्या हिमाद्री संशोधन केंद्रासाठी तुझी निवड झाल्याचं कळलं, फार बरं वाटलं. थंडीचं, कपड्यांचं तुला तिथली माणसं सांगतील. मी लिहितोय ते किनाऱ्याबद्दल. हिमाद्री ज्या वस्तीत आहे त्या न्यू-ओलेसुंदला कधीतरी कोणी विचारेलच, कचरा उचलायला येतेस का? जरूर जा. फक्त नुसती पोती भरून परत येऊ नकोस.

बाटल्या पाहून पर्यटकांना शिव्या घालणं सोपं असतं. पण स्वालबार्डच्या, म्हणजे तिथल्या नॉर्वेच्या बेटांच्या, किनाऱ्यावर वजनानं सगळ्यात जास्त सापडतं ते मासेमारीचं सामान: ट्रॉलच्या (बोटीमागून ओढायच्या) जाळ्यांचे तुकडे, दोर, बोये, खोके बांधायच्या पट्ट्या. त्यातलं बरंचसं शेजारच्या बॅरेंट्स समुद्रातल्या बोटींचं. अटलांटिकचा उबदार प्रवाह थेट तिथवर जातो, त्यामुळे दक्षिणेकडचंही येऊन पडतं.

जाळ्याचा तुकडा हाती आला की आधी त्याची कड बघ. घासून फाटलेली कड विरलेली, झिपऱ्या निघालेली असते. सुरीनं कापलेली सरळ असते. अशी सरळ कड दिसली की बहुधा डेकवर जाळं दुरुस्त करताना कापलेला तुकडा समज. वादळात गेलेल्या जाळ्याला बिचारा मच्छीमार काय करणार? पण कापलेला तुकडा पोत्यात टाकता आला असता. समुद्रात प्लास्टिक टाकायला मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानं 1988 च्या अखेरीपासून बंदी आहे. म्हणून कापलेले तुकडे वेगळे मोज, खोक्यावरची अक्षरं, बाटलीवरची तारीख टिपून घे. पोतं बोटीत चढलं की ही माहिती गेलीच.

जाळ्यात शिंगं गुंतलेला रेनडिअर दिसला तर जवळ जाऊ नकोस, कळव. पक्ष्यांचं तर बाहेरून कळतही नाही: 2013 मध्ये तिथल्या 40 फुल्मार या समुद्रपक्ष्यांची पोटं तपासली, 35 जणांच्या पोटात प्लास्टिक निघालं.

आणखी एक. 1946 च्या आधीची माणसाची कुठलीही खूण तिथे कायद्यानं संरक्षित आहे, गंजका खिळासुद्धा. सैबेरियातून वाहत आलेले ओंडके दिसतील, तेही कचरा नव्हेत. शंका आली की हात लावायचा नाही.

रुतलेलं जाळं ओढत बसू नकोस, खालची जमीन गोठलेली असते. वर आहे तेवढं कापून घे. वस्तीबाहेर अस्वलांसाठी बंदूकवाला सोबत असल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. आणि सुरी चांगली ने, पण विमानात हातातल्या बॅगेत नको.

— सर