कायदेशीर सल्ला : परदेशातून तारखेला हजर कसं राहायचं?

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा माझा दावा साताऱ्याच्या दिवाणी न्यायालयात चालू आहे. दर तारखेला येणं शक्य नाही. फोनवरून हजर राहता येईल का?

उत्तर : साक्षीसाठी नुसता फोन पुरत नाही, साक्षीदार न्यायाधीशांना दिसावा लागतो. त्यासाठी परवानगी मिळते ती व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची. मुंबईतल्या एका फौजदारी खटल्यात न्यूयॉर्कच्या डॉक्टरची साक्ष अशी घेता येईल, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्येच दिला आहे.

पण दर तारखेला तुमची गरजच नसते. तुमचं वकीलपत्र घेतलेला वकील उभा राहिला की बहुतेक तारखा निभावतात. तुम्ही स्वतः लागता त्या साक्षीला, किंवा न्यायालयाने खास बोलावलं तर. इथे अनेक जण भावाच्या किंवा मामाच्या नावे कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने काम करण्याचा लेखी अधिकार) करून निश्चिंत होतात आणि फसतात. मुखत्यार कागदांवर सह्या करू शकतो, पण जे फक्त तुम्हालाच ठाऊक आहे त्याची साक्ष तुमच्या वतीने देऊ शकत नाही. परदेशात केलेलं ते पत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून, म्हणजे मुद्रांक शुल्क भरून, घ्या. हे राहिलं, तर विरुद्ध बाजूचा वकील पहिली हरकत तिथेच घेतो.

सरतपासणी, म्हणजे तुमच्या बाजूची मूळ साक्ष, शपथपत्रावर होते, ते भारतीय वाणिज्य दूतावासातल्या अधिकाऱ्यासमोर करता येतं. खरी अडचण उलटतपासणीची, म्हणजे विरुद्ध बाजूच्या वकिलाच्या प्रश्नांची. परदेशातला साक्षीदार सहसा दूतावासात बसतो आणि तिथला अधिकारी समन्वयक म्हणून त्याची ओळख पटवतो, शेजारी कोणी पढवत नाही ना हे पाहतो. आता घड्याळ बघा. साताऱ्यात सकाळी 11 वाजतात तेव्हा तुमच्याकडे उन्हाळ्यात रात्रीचा दीड, हिवाळ्यात साडेबारा. आपलं न्यायालय उठेपर्यंत तुमचा दूतावास उघडलेलाच नसतो. म्हणून परवानगीच्या अर्जातच उलटतपासणीसाठी कोर्ट कमिशनर (न्यायालयाच्या वतीने साक्ष नोंदवणारी व्यक्ती) नेमण्याची मागणी करा, म्हणजे न्यायालयीन वेळेबाहेरची, भारतातल्या संध्याकाळची वेळ ठरवता येते. दुबईच्या वाचकांना हा त्रास नाही, तिथे फरक दीडच तासाचा.

अर्ज साक्षीच्या तारखेच्या बराच आधी द्या. न येण्याचं कारण, बसण्याचं ठिकाण, सोयीची वेळ आणि खर्च सोसण्याची तयारी, सगळं लिहा. निशाणी पडलेल्या, म्हणजे न्यायालयाने पुरावा म्हणून क्रमांक दिलेल्या, कागदांचा संच आधीच समन्वयकाकडे पोचू द्या. उलटतपासणीत कागद दाखवायचा आणि तो समोर नाही, एवढ्यावरून पुढची तारीख पडते.

प्रश्न : सुनावणीला मोबाइलवरून जोडलं तर चालेल?

उत्तर : न्यायालयाने लिंक दिली असेल तर चालतं, पण गाडीतून किंवा बाजारातून नको. बंद खोलीत बसा, फोन स्टँडवर ठेवा, चार्जरला लावा, नावाच्या जागी दावा क्रमांक आणि पूर्ण नाव लिहा. पुकारा होईपर्यंत माइक बंद ठेवा. रेकॉर्डिंग करू नका, परवानगीशिवाय त्याला मनाई आहे. वकिलाशी बोलायला दुसरा फोन हाताशी असू द्या, संपर्क तुटला तर वकीलच ते त्याच वेळी न्यायाधीशांच्या कानावर घालू शकतात.