पगार पंधरा तारखेलाच संपतो. कार्ड आणि यूपीआय बंद करून रोख वापरली तर फरक पडेल का?

फरक पडतो, पण सगळेच व्यवहार रोखीत नेऊन नाही. तुम्ही लिहिलंय की पगार बेचाळीस हजार, भाडं आणि गाडीचा हप्ता गेला की निम्मे उरतात, आणि तेही पंधरा तारखेपर्यंत कुठे गेले ते कळत नाही. शिवाय क्रेडिट कार्डाचे चाळीस हजार थकलेत आणि दर महिन्याला तुम्ही नुसता ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरताय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी कार्डाचं बोलते, कारण तिथे रोखीचा काही उपयोग नाही.

बहुतेक कार्डांवर थकबाकीला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. चाळीस हजारांवर १,४०० रुपये, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी २५२. दर महिन्याला १,६५२ रुपये कशाबद्दल, तर काहीही न घेतल्याबद्दल. आणि थकबाकी आहे तोवर नव्या खरेदीला ती पंचेचाळीस-पन्नास दिवसांची बिनव्याजी सवलतही मिळत नाही, खरेदी केली त्या दिवसापासून व्याज सुरू. म्हणून कार्डावर नवीन एक रुपया नको. कार्ड कापायचीही गरज नाही. बँकेच्या ॲपमध्ये ऑनलाइन वापर, दुकानातला वापर वेगवेगळा बंद करता येतो. रिझर्व्ह बँकेने २०२० पासून ही सोय सगळ्या बँकांना सक्तीची केली आहे. कुठे एखादी छोटी ठेव पडून असेल तर मोडा आणि कार्ड फेडा. ठेवीवर वर्षाला सहा-सात टक्के घ्यायचे आणि कार्डाला बेचाळीस द्यायचे, याला बचत म्हणत नाहीत.

आता पंधरा तारखेचं. तुम्ही पाठवलेल्या खर्चाच्या यादीत भाजी, चहा-नाष्टा, रंकाळ्यावरचं खाणं आणि ‘किरकोळ’ हे चार शब्द वारंवार आलेत. पैसा तिथूनच जातोय, आणि तिथे रोख उपयोगी पडते.

अमेरिकेत एमआयटीतल्या द्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांना बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली. काहींना सांगितलं पैसे रोख द्यायचे, काहींना सांगितलं कार्डाने. कार्डवाल्यांच्या बोल्या सरासरी दुपटीहून जास्त निघाल्या. हा प्रयोग जसाच्या तसा यूपीआयला लावू नये असं माझं मत आहे, कारण क्रेडिट कार्डात पैसे नंतर द्यायचे असतात आणि यूपीआयमध्ये ते तिथल्या तिथे खात्यातून जातात. पण जातात ते दिसत नाहीत, हे दोन्हीकडे सारखंच. खिशातले पैसे किती उरले हे रोख देताना बघावंच लागतं. स्कॅन करताना खात्यातली शिल्लक कोण बघतो?

मटणाच्या दरावरून २०१९च्या अखेरीस रस्त्यावर उतरलेलं आपलं कोल्हापूर. किलोमागे दहा रुपये वाढले तरी आपण दुकानदाराला चार प्रश्न विचारतो. तोच माणूस संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ, मग आइस्क्रीम, मग पोरांसाठी अजून काहीतरी असं तीनदा स्कॅन करतो आणि घरी येऊन बेरीज विचारली तर त्याला सांगता येत नाही. कंजूषपणा आपल्यात भरपूर आहे, फोन हातात आला की तो वापरायचा राहतो.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत हिशेब बघते. नोटाबंदीपूर्वी आमच्याकडे पगार पाकिटातून जायचे. काही कामगार टेबलापाशीच नोटा मोजून तिथल्या तिथे वाटण्या करायचे: भाड्याचे शर्टाच्या खिशात, भिशीचे वेगळे, उरलेले पाकिटात. ते काही अर्थशास्त्र शिकलेले नव्हते, पण पैसा खर्चायच्या आधी त्याला काम नेमून देत होते. पगार खात्यावर जायला लागले ते चांगलंच झालं, माझं अर्धं डोकं वाचलं. फक्त त्या वाटण्या बंद पडल्या.

त्या पुन्हा कशा सुरू करायच्या, तर असं. महिन्याचे पैसे एकदम काढू नका, पहिल्या आठवड्यात श्रीमंती वाटते. आठवड्याचे काढा. मी रविवारी सकाळी लक्ष्मीपुरीच्या बाजाराला जायच्या आधी काढते, कारण सगळ्यात मोठी खरेदी तिथेच होते आणि उरलेल्या पैशांत पुढचे दिवस ढकलायचे हे तिथेच डोक्यात बसतं. तुमच्या उरलेल्या एकवीस हजारांतून किराणा, वीज, मोबाइल, पेट्रोल आणि कार्डाची परतफेड बाजूला ठेवली, तर भाजी-मटण, बाहेरचं खाणं आणि किरकोळ यांना आठवड्याला दोन हजारांनी सुरुवात करून बघा. गुरुवारी संपले तर पुढचा रविवार येईपर्यंत घरातलं खायचं. मधेच पुन्हा एटीएमला गेलात तर रोख आणि फोन यात काही फरक उरला नाही. आपल्या बँकेच्या एटीएममधून महिन्याला पाच वेळा मोफत पैसे काढता येतात, म्हणजे आठवड्याचा हिशेब त्यात बसतो. त्यापुढे मे २०२५ पासून बँका दर वेळी २३ रुपयांपर्यंत घेतात, वर कर.

नोटा कोणत्या घ्यायच्या हेही बघा. सुट्टे पैसे पटकन खर्च होतात आणि मोठी नोट मोडायला हात कचरतो, हे प्रिया रघुबीर आणि जॉयदीप श्रीवास्तव यांनी २००९ मध्ये प्रयोगांतून दाखवलं, पण आपल्या आजीला ते आधीच माहीत होतं. म्हणून बाजाराला जाताना शंभराच्या आणि पन्नासाच्या नोटा, आणि फिरायला जाताना एकच पाचशेची. बाजारात पाचशेची काढली की भाजीवाली मावशी म्हणते, “सुट्टं न्हाई बाई, स्कॅन करा की.” संपला सगळा नेम!

फोनचा बंदोबस्त केल्याशिवाय हे चालणार नाही. पगाराचं खातं यूपीआयमधून काढून टाका. दुसरं एखादं बचत खातं जोडा आणि त्यात पंक्चर, औषध असल्या अडीनडीपुरते हजारभर रुपये ठेवा. ॲप काढून टाकायचा सल्ला मी देणार नाही. दोन दिवसांत परत घेतलं जातं.

रोखीचा एक तोटा आहे, मागे नोंद राहत नाही. म्हणून ज्याची पावती, वॉरंटी किंवा करात उपयोग आहे ते रोखीने भरू नका. आरोग्य विम्याचा हप्ता रोख भरला तर जुन्या करप्रणालीतही त्याची वजावट मिळत नाही. भाडं, हप्ते, वीजबिल खात्यातूनच जाऊ दे. गुजरीत सोनं घ्यायचं असेल तर एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला सराफाला कायद्याने बंदी आहे, ते तुमच्या बेचाळीस हजारांत सध्या लागू होईलसं वाटत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की पिग्मी लावू का. लावा, पण कार्ड फिटल्यावर. रोज शंभर रुपये न्यायला माणूस दारात येतो ही शिस्त वाईट नाही. १९२८ साली उडुपीत सिंडिकेट बँकेने दोन आण्यांवर ती सुरू केली तेव्हा कल्पना हीच होती. बँकेत लावणार की पतसंस्थेत, हे मात्र बघा. सहकारी बँकेतल्या ठेवींनाही पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेला ते नसतं. मुदतीआधी मोडली तर व्याज किती कापतात तेही एजंटाला पहिल्याच दिवशी विचारा. व्याजाच्या आशेने पिग्मी लावू नका, पैसे हाताबाहेर राहावेत एवढ्यासाठी लावा.

आणि मित्र हसतात म्हणालात, मिसळीचं बिल वाटून घेताना सगळे स्कॅन करतात आणि तुम्ही एकटेच नोटा काढता. एकाला सगळं बिल स्कॅन करू दे आणि तुमच्या वाट्याची रोख त्याच्या हातात ठेवा. तो नाही म्हणणार नाही, त्यालाही भाजी घ्यायला सुट्टे लागतातच.