भाडं थकलं म्हणजे तोंड लपवायचं?

"मॅडम, भाडं थकलंय. मालक दिवसाला शंभर रुपये दंड मागतोय. आता आमचं सामान रस्त्यावर येणार."

2020 च्या उन्हाळ्यात फोनवरून समुपदेशन करताना ही काळजी मी कितीतरी जणांकडून ऐकली. त्यातल्या एका गृहस्थांबद्दल सांगते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेत. ते पुण्यात विद्यार्थ्यांची मेस चालवायचे. मार्चमध्ये पोरं गावी गेली आणि मेस बंद पडली. मालक खालच्याच मजल्यावर. हे चपला हातात घेऊन जिना उतरायचे, दूध आणायलासुद्धा.

पहिले काही फोन नुसते ऐकण्यात गेले. मग विचारलं, "दंडाचं करारात काय लिहिलंय?"

"एजंटनं केला होता करार. वाचलाय कोणी!"

"आणा. मोठ्यानं वाचा."

ते अडखळत वाचू लागले. भाडं, अनामत, महिन्याची नोटीस. शेवटचं पान आलं तरी दंडाचा उल्लेख नाही. पानं पुन्हा उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "म्हणजे मी काही गुन्हेगार नाही, मॅडम. देणेकरी आहे."

हेच मी सांगितलं असतं, तर त्यांनी 'हो हो' म्हणून फोन ठेवला असता. घटनेपेक्षा तिच्याबद्दलची समजूत माणसाला जास्त छळते, या विचाराची मी. पण समजूत तपासायची तर हातात कागद हवा. थकलेलं भाडं आणि स्वतःची लायकी त्यांनी एकाच खात्यात मांडली होती. नव्या समुपदेशकांनाही मी सांगते, धीर नंतर द्या, आधी कागद वाचायला लावा.

मग नियमांकडे वळलो. 17 एप्रिल 2020 रोजी राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सूचना केली होती की भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला आणि त्या काळात थकबाकीसाठी कोणाला घराबाहेर काढू नका. भाडं माफ झालं नव्हतं, हे अनेकांच्या पचनी पडायचं नाही. पण वसुलीच पुढे गेली तर उशिराचा दंड कसला, असं विचारायला जागा होती. करारात दंड असला, तरी करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देववतं. लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा. आणि दुसरी बाजू म्हणजे, टाळेबंदी लागली एवढ्यावरून भाडं थांबत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने मे 2020 मध्ये खान मार्केटमधल्या एका दुकानाच्या प्रकरणात स्पष्ट केलं.

त्यांनी मालकांसाठी मेसेज लिहिला: या महिन्यात चार हजार, उरलेले तीन हप्त्यांत, दंड करारात नाही म्हणून देणार नाही, पावती द्यावी. त्यात दोनदा 'माफ करा' होतं. ते मी खोडायला लावलं. मालक निवृत्त, त्यांची औषधं या भाड्यावरच चालायची. उत्तर आलं, "हप्ते चालतील. दंडाचं नंतर बघू."

गृहस्थ खूश. मी म्हटलं, 'नंतर बघू'चे पैसे घर सोडताना अनामतीतून कापले जातात. दंड नाही, हे आजच लेखी मागा.

त्यांनी मागितलं.