सिम्बांग गाबीचे नऊ दिवस पूर्ण केले की मागितलेलं खरंच मिळतं का?

सिम्बांग गाबी म्हणजे फिलिपिन्समध्ये नाताळाआधी नऊ दिवस रोज पहाटे होणाऱ्या मिस्सा (कॅथलिक चर्चमधली उपासना). दोन वर्षं मनिलात होते, ऑफिस शेजारच्याच मकातीत, म्हणून लिहितेय. मी वसईची, त्यामुळे मिस्सा, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) हे सगळं लहानपणापासूनचं, पण १६ ते २४ डिसेंबर रोज पहाटे चारला चर्च भरून बाहेर रस्त्यापर्यंत प्लास्टिकच्या खुर्च्या लागलेल्या, हे मी आपल्याकडे कधी बघितलं नव्हतं.

आमची घरमालकीण तिता (म्हणजे मावशी, तिथे आईच्या वयाच्या सगळ्याच तिता) साडेतीनला दार वाजवायची. पहिल्या दिवशी मी अर्धवट झोपेत, आणि फादर पांढऱ्या झग्यात आले नि ग्लोरिया (मिस्सेतलं स्तुतिगीत) सुरू झाला तेव्हा खाडकन जागी झाले, कारण आगमनकाळात (नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांत) आपल्याकडे जांभळा झगा आणि ग्लोरिया बंद. तिता म्हणाली, या मिस्सांना आम्हाला परवानगी आहे, तू गा. मिस्सा संपली की बाहेर बिबिंकावाल्या बायका, खाली निखारे, वरच्या पत्र्यावर निखारे, मध्ये केळीच्या पानावर तांदळाचं पीठ, पान कडेने करपलं की जो वास येतो तो थेट आपल्या पानगीचा. शेजारी पुतो बुम्बोंग, बांबूच्या नळीत वाफवलेलं जांभळं, वरून मार्गारीन, ओलं खोबरं आणि साखर.

सहाव्या दिवशी मी उठलेच नाही. रात्री शिफ्ट लांबली होती. म्हटलं संध्याकाळी मॉलमध्ये मिस्सा असते तिकडे जाईन, तर तिता म्हणाली, "बहाला का", म्हणजे तुझं तू बघ बाई. पण माझी बिबिंका तिने पानात गुंडाळून आणली होती. तेव्हा मी विचारलं, एवढी वर्षं जातेस, मागतेस तरी काय? तिचा मुलगा जहाजावर असतो. म्हणाली, मागून केव्हाच झालं, आता फेडतेय.

त्याच नाताळात फोनवर दादाने अक्कल शिकवली, की हे कसलं कॅथलिक, हा देवाशी सौदा, लोक नाश्त्यासाठी जमतात. अरे, शेतावर जायच्या आधी माणसांना मिस्सा मिळावी म्हणून ती पहाटे ठेवलेली, मग भूक लागणारच ना? आणि ज्या वसईचा दादाला एवढा अभिमान, तिथले संत गोन्सालो गार्सिया मनिलातच फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या संघातले) झाले, तिथून जपानला गेले आणि १५९७ ला नागासाकीत क्रुसावर गेले. म्हणजे ते गाव आपल्याला एवढंही परकं नाही.

तर तुमचा प्रश्न. नऊ पूर्ण केले की मिळतं असं चर्च शिकवत नाही, लोक मानतात. माझे आठच झाले, त्यामुळे मला विचारून उपयोग नाही. हो, आणि संध्याकाळची मिस्सा कमी दर्जाची वगैरे नसते, तसं वाटणं हे तिताचं वैयक्तिक मत होतं, शिफ्टवाल्यांनी बिनधास्त जावं. वेळा प्रत्येक चर्चच्या वेगळ्या, आधी विचारून घ्या. पुतो बुम्बोंग गरमच खा, गार झालं की रबर.

आणि दादा, तू हे वाचणारच आहेस. बिल्डरने फ्लॅट लटकवला होता तेव्हा माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचं घर कोणी वाहिलं होतं? रांगेत तुझी चप्पल मी धरून उभी होते.